फुकट ब्रॉडबँडचं वचन: ब्रिटनमध्ये वाद नेमका कशाचा होता?

२०१९ च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये निवडणुकीची धामधूम होती आणि सगळा प्रचार ब्रेक्झिटभोवती फिरत होता. अशात १५ तारखेला मजूर पक्षाचे तेव्हाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांनी लँकेस्टरमधल्या भाषणात एक मोठं वचन दिलं. आमचं सरकार आलं तर बीटी या टेलिफोन कंपनीचा तारांचा कारभार सरकार ताब्यात घेईल, ‘ब्रिटिश ब्रॉडबँड’ नावाची सरकारी कंपनी काढेल, आणि २०३० पर्यंत देशातल्या प्रत्येक घराला व प्रत्येक धंद्याला पूर्ण फायबरचं इंटरनेट फुकट देईल. लगेच एकच कल्ला सुरू झाला. हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी योजना वेडगळ ठरवली. बीटीतल्या एका बड्या अधिकाऱ्याने तिला ‘ब्रॉडबँड साम्यवाद’ म्हटलं आणि ते शब्द बातम्यांत फिरत राहिले.

हा वाद तिथल्या मराठी घरांतही पोचला होता. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, ब्रिटिश पासपोर्ट नसतानाही, संसदेसाठी मत देता येतं. त्यामुळे स्लाउ, हॅरो, रेडिंगसारख्या ठिकाणच्या आपल्या लोकांच्या दाराच्या फटीतूनही या वचनाची प्रचारपत्रकं आत पडली. ‘घरातलं वायफाय फुकट’ एवढंच त्यातून लक्षात राहायचं.

माझ्या मते त्या चार आठवड्यांत तीन वेगळे प्रश्न एकात एक कालवले गेले. तार कोणाच्या मालकीची असावी? ती टाकायचा पैसा कुठून यावा? आणि महिन्याचं बिल कोणी भरावं? तार सरकारची ठेवूनही बिल ग्राहकाकडून घेता येतं. तार खासगी ठेवून गरिबांचं बिल सरकारला भरता येतं. पण ‘फुकट’ हा शब्द एकदा कानावर पडला की लोक बाकी काही ऐकत नाहीत, आणि इथेही तसंच झालं. मला त्याचं वाईट वाटतं, कारण पहिला प्रश्न खरोखर मोलाचा होता आणि त्यावर धड चर्चाच झाली नाही.

आधी तारेबद्दल. ब्रिटनमधल्या जवळपास कुठल्याही निवासी रस्त्यावर फूटपाथच्या कडेला गडद हिरव्या रंगाची लोखंडी पेटी दिसते. टेलिफोन एक्स्चेंजपासून या पेटीपर्यंत काचेचं फायबर येतं. पेटीपासून घरापर्यंत मात्र बहुतेक ठिकाणी जुनी तांब्याची तार होती, एकेकाळी फोनवर बोलण्यासाठी टाकलेली. तांब्यातून जाणारा संदेश अंतराबरोबर विरत जातो. पेटीशेजारच्या घरात सिनेमा झरझर उतरायचा आणि किलोमीटरभर लांबच्या शेतघरात व्हिडिओ कॉल लागता लागायचा नाही. दोघेही पैसे मात्र त्याच जातीच्या प्लॅनचे भरायचे. पूर्ण फायबर म्हणजे पेटीच्या पुढचं तांबं काढून घराच्या भिंतीपर्यंत काच नेणं. २०१९ च्या अखेरीस ऑफकॉम या नियामक संस्थेच्या आकडेवारीनुसार असं पूर्ण फायबर ब्रिटनमधल्या सुमारे १० टक्के घरांनाच उपलब्ध होतं. जपान आणि दक्षिण कोरियात ते जवळपास सगळीकडे पोचलं होतं, आणि स्पेनही ब्रिटनच्या कितीतरी पुढे होता.

फायबरची काच महाग नसते, महाग असते ती खोदाई. रस्ता फोडायचा, नळी पुरायची, रस्ता परत बुजवायचा, वाटेतल्या जमीनमालकाची परवानगी मिळवायची, मग तिथून माणसाच्या अंगणातून भिंतीपर्यंत जायचं. खर्चाचा मोठा वाटा या कामात जातो. दाट वस्तीच्या गल्लीत एका खोदाईत पन्नास घरं जोडली जातात. वेल्सच्या डोंगरात तेवढ्याच खोदाईत एखादं घर सापडतं. खासगी कंपनी आधी गल्लीत जाणार, यात तिचा दोष नाही, हिशेबच तसा आहे.

आणि इथेच मालकीचा प्रश्न येतो. एका गल्लीत एकच चांगली तार पुरते. तीन कंपन्यांनी तीनदा रस्ता खोदून तीन तारा टाकणं म्हणजे एकाच सोसायटीत पाण्याचे तीन वेगळे मुख्य नळ आणण्यासारखं आहे: पाणी तेवढंच येतं, खर्च तिप्पट होतो. ज्या धंद्यात एकालाच काम दिलं तर सगळ्यात स्वस्त पडतं, त्याला अर्थशास्त्रात नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात. तो एकटा पुरवठादार सरकारी असावा, की खासगी असून त्याच्यावर नियामकाची करडी नजर असावी, एवढाच वाद उरतो. २०१८ मध्ये खुद्द हुजूर पक्षाच्या सरकारने फ्रंटियर इकॉनॉमिक्स या सल्लागार संस्थेकडून एक अभ्यास करून घेतला होता. देशभर एकाच मक्तेदार कंपनीने फायबर टाकलं तर बांधणीचा खर्च सुमारे २० अब्ज पौंड येईल आणि स्पर्धेतून टाकलं तर त्याहून बराच जास्त, असं त्यात दिसत होतं. मजूर पक्षाने आपला २० अब्जांचा आकडा इथूनच उचलला. त्यातले ५ अब्ज हुजूर सरकारने आधीच कबूल केले होते, वरचे १५ अब्ज नवे.

या देशाला सरकारी तार काही नवी नव्हती. १९१२ पासून जवळजवळ सगळा टेलिफोन टपाल खात्याकडे होता. १९८१ मध्ये ब्रिटिश टेलिकॉम वेगळी झाली आणि १९८४ च्या नोव्हेंबरात मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने तिचे निम्म्याहून थोडे जास्त शेअर १३० पेन्सला एक या दराने विकायला काढले. त्याआधीच्या सरकारी फोनबद्दल जुने लोक फारसं प्रेमाने बोलत नाहीत. नव्या जोडणीसाठी थांबावं लागायचं, आणि फोनचा डबाही खात्याचाच भाड्याने घ्यायचा. मुंबई-पुण्यात टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. कॉर्बिन यांच्या विरोधकांनी हीच आठवण जागवली, आणि ती खोटी नव्हती.

पण खासगीकरणानंतरचा एक प्रसंगही तितकाच खरा आहे आणि तो प्रचारात फारच थोड्यांनी सांगितला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बीटीला घराघरात फायबर न्यायचं होतं आणि त्या तारेवरून टीव्ही वाहिन्या दाखवून खर्च भरून काढायचा होता. १९९१ मध्ये सरकारने धोरण ठरवलं की बीटीला आपल्या तारांवरून टीव्ही दाखवता येणार नाही. हेतू असा की केबल टीव्हीच्या नव्या कंपन्यांना, ज्यांत अमेरिकी पैसा मोठा होता, पाय रोवता यावेत. टीव्हीचं उत्पन्न गेलं आणि घराघरातल्या फायबरचं गणितच बसेना. बीटीच्या संशोधन विभागात वरिष्ठ पदावर राहिलेले पीटर कॉक्रन यांनी पुढे सांगितलं की फायबरचे भाग बनवायचे कारखानेसुद्धा तोवर उभे राहिले होते. केबल कंपन्यांनी शहरं खोदली, कर्जात बुडाल्या, एकमेकींत विलीन झाल्या. त्यांचीच पुढे व्हर्जिन मीडिया झाली. देशाच्या साधारण निम्म्या घरांपाशी तिची तार पोचली आणि उरलेल्यांना स्पर्धेचा फायदा मिळायचा राहूनच गेला. म्हणून ‘बाजारावर सोडलं असतं तर सगळं नीट झालं असतं’ हेही पटत नाही. त्या निर्णयात बाजाराचे नियम सरकारनेच लिहिले होते.

या सगळ्यात एक शहर वेगळं निघालं, ते म्हणजे ईशान्य किनाऱ्याजवळचं हल. १९०४ मध्ये तिथल्या महापालिकेने स्वतःचं टेलिफोन एक्स्चेंज सुरू केलं आणि पुढे सगळा देश टपाल खात्याकडे गेला तरी हलने आपला फोन सोडला नाही. लंडनचे टेलिफोन बूथ लाल, हलचे मलईच्या रंगाचे, आणि त्यांच्यावर राजमुकुटाचं चिन्ह नाही. आजही ते उभे आहेत. महापालिकेने १९९९ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आणली, २००७ मध्ये उरलेला हिस्साही विकला, आणि २०१९ मध्ये केसीकॉम या नावाने ती मॅक्वेरी या ऑस्ट्रेलियन गटाच्या निधीकडे गेली. त्याच वर्षी, कॉर्बिन यांचं भाषण होत असताना, हल हे पूर्ण फायबर जवळजवळ प्रत्येक घराला देऊ शकणारं ब्रिटनमधलं पहिलं शहर ठरलं होतं. एकाच कंपनीकडे सगळी गिऱ्हाइकं असल्यामुळे तिला खोदाईचे पैसे वसूल होण्याची खात्री होती. याला दुसरी बाजूही होती: हलच्या माणसाला कित्येक वर्षं दुसरा पर्यायच नव्हता. मक्तेदारीने तार लवकर येते, पण मक्तेदाराला धाक लागतो. मग तो धाक मतपेटीचा असो, नियामकाचा असो की शेजारच्या दुकानाचा.

आता पैशाकडे येऊ, कारण टीव्हीवर सगळ्यात जास्त आरडाओरडा त्याचाच झाला. मजूर पक्ष म्हणत होता २० अब्ज, बीटीचे प्रमुख फिलिप जॅन्सन म्हणत होते जवळपास १०० अब्ज. ऐकणाऱ्याला वाटलं, दोघांपैकी एक नक्की खोटं बोलतोय. प्रत्यक्षात दोघे वेगळ्या गोष्टी मोजत होते. जॅन्सन यांच्या मते तारा टाकायलाच ३० ते ४० अब्ज लागले असते, आणि आठ वर्षं सेवा फुकट दिल्याने बुडणारं उत्पन्न आणखी ३० ते ४० अब्ज. मजूर पक्षाच्या २० अब्जांत फक्त बांधणी होती. देखभालीसाठी वर्षाला २३ कोटी पौंड वेगळे धरले होते आणि ते गूगल, फेसबुक, अ‍ॅमेझॉनसारख्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर कर लावून काढायचे होते. बीटीचे हिस्से विकत घ्यायची किंमत मात्र या आकड्यात कुठेच दिसत नव्हती.

या किमतीबद्दल पक्षाचे अर्थखात्याचे प्रवक्ते जॉन मॅकडोनेल यांचं उत्तर असं: शेअरधारकांना रोख पैसे न देता सरकारी रोखे देऊ, आणि किंमत संसद ठरवील. यात काही काळंबेरं नाही, युद्धानंतर कोळसा आणि रेल्वे ताब्यात घेताना ब्रिटनने हाच मार्ग वापरला होता. शिवाय सरकार पैसे देऊन रिकाम्या हाती बसत नाही. कर्ज अंगावर येतं, पण कमाई करणारी मालमत्ताही हाती येते. त्या महिन्यांत ब्रिटिश सरकारला दहा वर्षांचं कर्ज एक टक्क्याहूनही कमी व्याजाने मिळत होतं. खासगी कंपनीला इतक्या स्वस्तात पैसा कधीच मिळत नाही, आणि खोदाईसारख्या कामात, जिथे आज पैसे ओतून तीस-चाळीस वर्षं वाट पाहायची असते, व्याजदरातला हा फरक अवाढव्य ठरतो. सरकारी मालकीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मला हाच वाटतो. प्रचारात तो कोणी नीट मांडला नाही.

पण ही मालमत्ता कमाई करते ती लोक भाडं भरतात म्हणून. सेवा फुकट केली की मालमत्तेची कमाई शून्य होते आणि ‘कर्जाच्या बदल्यात कमावती वस्तू’ हा युक्तिवाद आपल्याच हाताने मोडला जातो. वचनाची खरी भेग इथे होती. दुसरा घाव स्पर्धकांवर बसणार होता. सरकार फुकट देत असेल तर व्हर्जिन मीडिया, स्काय, टॉकटॉक यांनी विकायचं काय? परिणाम निवडणुकीआधीच दिसला. बीटीचा शेअर घसरला, आणि टॉकटॉकने आपला फायबर व्यवसाय सिटीफायबर या कंपनीला विकण्याचा सौदा जागच्या जागी थांबवला. निकालानंतर, २०२० च्या जानेवारीत, तो २० कोटी पौंडांना पुरा झाला. नुसत्या वचनाने दोन महिने खोदाईचा पैसा अडला, हे लहान नाही.

फुकटच्या बाजूनेही बोलण्यासारखं होतं आणि ते मी हलकं मानत नाही. ब्रिटनमध्ये दवाखान्यात कोणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही, आणि म्हणूनच तिथे श्रीमंतही सरकारी आरोग्यसेवेच्या पाठीशी उभा राहतो. इंटरनेटही तसंच सगळ्यांचं व्हावं, ही त्या विचाराची मुळं. सरकारी भत्ता मिळवायचा तर अर्ज ऑनलाइन भरायचा, आणि घरी इंटरनेट नाही म्हणून ग्रंथालयात रांग लावायची, अशी माणसं तिथे होती. वचनानंतर चारच महिन्यांनी करोनाने शाळा बंद केल्या आणि मोबाइलच्या तुटपुंज्या डेटावर शिकणारी मुलं सगळ्या देशाला दिसली. त्या वसंतात हा वाद झाला असता तर तो इतका सहज हसण्यावारी गेला नसता असं मला वाटतं.

वचनं दुसऱ्या बाजूनेही दिली गेली होती, आणि त्यांची झाडाझडती कमी झाली. जॉन्सन यांनी २०१९ च्या उन्हाळ्यात, पक्षाचं नेतृत्व मिळवताना, २०२५ पर्यंत घराघरात पूर्ण फायबर पोचवायचं म्हटलं होतं. बांधणीच्या वेगाचा विचार केला तर हे मजूर पक्षाच्या २०३० पेक्षा जास्त अवघड होतं. जाहीरनाम्यात येईपर्यंत ‘पूर्ण फायबर’ला ‘गिगाबिट क्षमतेचं’ (सेकंदाला सुमारे हजार मेगाबिट वेगाचं) हे शब्द जोडले गेले, म्हणजे व्हर्जिनची सुधारलेली केबलही त्यात मोजता येऊ लागली. १२ डिसेंबरला हुजूर पक्षाने ३६५ जागा जिंकल्या, मजूर पक्ष १९३५ नंतरच्या सगळ्यात कमी जागांवर आला. पुढच्याच वर्षी, २०२० च्या नोव्हेंबरात, सरकारने आपलं उद्दिष्ट गुपचूप ८५ टक्क्यांवर आणलं, आणि अवघड भागांसाठी कबूल केलेल्या ५ अब्जांपैकी १.२ अब्जच २०२५ पर्यंत खर्च होतील असं सांगितलं. ज्याच्यावर ‘हे परवडणार कसं’ असा भडिमार झाला तो हरला. ज्याचं वचन वर्षभरात आटलं त्याला फारसं कोणी छेडलं नाही.

मग खासगी मार्गाने काय झालं? कबूल करायला हवं की बरंच झालं. २०२१ मध्ये ऑफकॉमने बीटीच्या तारा सांभाळणाऱ्या ओपनरीचला हमी दिली की नव्या फायबरच्या वेगवान जोडण्यांसाठी इतर कंपन्यांना लावायच्या घाऊक दरांवर निदान २०३१ पर्यंत खर्चाशी बांधलेली मर्यादा घालणार नाही. नफ्याची शाश्वती मिळताच खोदाईने वेग घेतला. डझनावारी छोट्या कंपन्या कर्ज काढून उतरल्या. २०२४ च्या अहवालात पूर्ण फायबर ६९ टक्के घरांपर्यंत पोचल्याचं ऑफकॉमने नोंदवलं. पाच वर्षांत दहावरून एकोणसत्तर, ही कामगिरी नाकारता येत नाही.

पण किंमत कोणी मोजली तेही बघा. अनेक कंपन्यांनी करारात दरवर्षी महागाई अधिक ३.९ टक्के अशी वाढ घातली होती. २०२३ च्या वसंतात त्या कलमामुळे लाखो लोकांची बिलं एका झटक्यात १४.४ टक्क्यांनी वाढली, आणि करारातून बाहेर पडायचं तर दंड. ऑफकॉमने ही पद्धत २०२५ च्या जानेवारीत नव्या करारांसाठी बंद केली. दुसरीकडे, सोप्या गल्ल्यांत दोन-दोन, तीन-तीन तारा आल्या. हल आणि आसपासच्या गावांत नव्या कंपन्यांना जमिनीखाली जागा मिळेना म्हणून त्यांनी फूटपाथवर लाकडी खांब रोवायला घेतले. ज्यांच्या घरी फायबर आधीच होतं ते रहिवासी आपल्या खिडकीसमोरच्या खांबाला अडवायला रस्त्यावर उतरले. नैसर्गिक मक्तेदारीच्या धंद्यात स्पर्धा घुसवली की काय होतं, हे याहून स्पष्ट दिसणार नाही.

सरकारी मार्गही बिनकाट्याचा नसतो, याचा दाखला ऑस्ट्रेलियात आहे. २००९ मध्ये तिथल्या मजूर सरकारने ९० टक्के, पुढे ९३ टक्के, घरांना फायबर द्यायचं ठरवून सरकारी कंपनी काढली. २०१३ मध्ये सरकार बदललं, नव्या सरकारने खर्च वाचवायचा म्हणून बऱ्याच ठिकाणी जुनं तांबंच चालवायचं ठरवलं, आणि आता तेच तांबं काढून पुन्हा फायबर टाकणं चालू आहे. एका खोदाईला दोनदा पैसे. मालक सरकार असलं की दर निवडणुकीला आराखडा बदलायची भीती असते, आणि ब्रिटनमध्ये ती भीती मला खरी वाटते. स्टॉकहोमने वेगळी वाट काढली. १९९४ पासून तिथल्या नगरपालिकेची स्टोकॅब ही कंपनी फक्त जमिनीखाली फायबर टाकते आणि ते सगळ्यांना सारख्या दराने भाड्याने देते. ग्राहकाला इंटरनेट विकायचं काम खासगी कंपन्या आपसात स्पर्धा करून करतात. तार सार्वजनिक, सेवा खासगी, बिल ग्राहकाचं. कॉर्बिन यांनी हे मांडलं असतं तर साम्यवादाची हाकाटी करणं विरोधकांना बरंच जड गेलं असतं.

आणि लँकेस्टरच्या आसपासच्या खेड्यांतच आणखी एक रीत चालू होती. २०११ मध्ये तिथल्या लोकांनी ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’ नावाची सामुदायिक संस्था काढली. गावकऱ्यांनी शेअर घेतले, शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतून नळी न्यायला फुकट परवानगी दिली, आणि स्वयंसेवकांनी कुदळी-फावडी घेऊन बांधाबांधाने चर खणले. मोठ्या कंपन्यांनी परवडत नाही म्हणून सोडलेल्या वाड्यांना महिना ३० पौंडांत गिगाबिट मिळू लागलं. जमीन फुकट आणि हात फुकट, म्हणजे खोदाईचा खर्चच कोसळला. हे देशभर जमणार नाही, पण महागडं काय आहे याचा उलगडा त्यातून होतो.

२०२४ मध्ये मजूर पक्ष केअर स्टार्मर यांच्या नेतृत्वाखाली सत्तेत आला तेव्हा जाहीरनाम्यात ना फुकट होतं ना राष्ट्रीयीकरण, फक्त २०३० पर्यंत सगळीकडे गिगाबिट नेऊ एवढा संकल्प होता. पुढच्या वर्षी तीच तारीख २०३२ झाली. व्याजदर वाढल्यापासून छोट्या फायबर कंपन्या कर्जाखाली वाकल्या आहेत, त्यांच्या विलीनीकरणाची बोलणी चालू आहेत, आणि बाजार पुन्हा मोजक्या हातांत जाताना दिसतो. ओपनरीचला दिलेली हमी २०३१ नंतर संपू शकते. घाऊक दर कोण ठरवणार, बुडालेल्या कंपनीची गल्लीतली तार कोण घेणार आणि शेवटच्या डोंगरातल्या घरापर्यंत कोण जाणार, हे तेव्हाच्या सरकारला ठरवावं लागेल, आणि त्याआधी एक सार्वत्रिक निवडणूक येणार आहे.